गुंडावरची दुसरी ओळ

मंगळवार, ९ मे २०२३. भंडारा.

ऊन कालच्यापेक्षा जास्त. नळाला पाणी उशिरा आणि गढूळ आलं, तुरटी फिरवली. कूलरचं गवत बदलणारा माणूस आजही आला नाही. शेजारच्या आनंदाबाईंनी पन्हं पाठवलं. जेवताना लाइट दोनदा गेली आणि आली. तेव्हापासून पुढच्या खोलीत तृप्तीचं यंत्र बंद आहे. कारधा गावच्या धनीरामांचा पितळी गुंड, म्हणजे पाणी भरायचा हंडा, यंत्राच्या पकडीत आहे. एक ओळ कोरून झाली, दुसरी राहिली. संध्याकाळी त्यांच्या मुलीची हळद. ते ओसरीत बसून आहेत.

दुपारी एवढंच लिहून मी वही मिटली, कारण पुढच्या खोलीतून तृप्तीने हाक मारली होती. तिच्या हाकेत रोजचा आवाज नव्हता.

तृप्तीविषयी आधी सांगायला हवं. माझ्या घराची रस्त्याकडची खोली तिने भाड्याने घेतली आहे. भांड्यांवर नावं कोरण्याचा तिचा धंदा. मूळची पवनीची. तिचे वडील सुखराम लग्नसराईत गावोगाव फिरून छिन्नी-हातोडीने भांड्यांवर नावं घालत. भांडं हलू नये म्हणून दोन्ही पायांत घट्ट धरून बसायचं, हे लहानपणी तृप्तीचं काम. ती सांगते, "बाबा ठोका मारे आणि माह्या दातात झिणझिण होये. अर्ध्या जिल्ह्याची नावं माह्या दातातून गेली, काकू."

लग्न होऊन ती भंडाऱ्यात आली आणि एका भांड्यांच्या दुकानात मोडीच्या काट्यावर बसली. गिऱ्हाईक जुनी, पोचे आलेली भांडी आणतं, ती वजन करून मोडीत घ्यायची, तेवढी किंमत नव्या भांड्यातून कमी करायची. काट्यावरून उचललेलं जुनं भांडं मागच्या पोत्यात आणि तिथून भट्टीत जातं. कित्येक वर्षं तिने हेच केलं. नवीन आलं म्हणजे जुनं गेलं, यात तिला कधी शंका घ्यावी लागली नाही.

मग तिने विजेची कोरणी घेतली, आणि दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून हे यंत्र आणलं. भांडं आडव्या पकडीत बसवायचं. ते हळूहळू फिरतं आणि वरून हिरकणीची सुई नाव कोरत जाते. यंत्राबरोबर त्याला चालवणारा संगणक आला, तो लिनक्सवर चालणारा. नेहमीचं विंडोज त्यात नव्हतं. तृप्ती बारावी शिकलेली. मोबाइलवर हिंदी व्हिडिओ पाहून तिने तो संगणक आपलासा केला. इंग्रजी अक्षरं तिला वाचता येतात, पण लांब वाक्य आलं की ती मला बोलावते. मी मोठ्याने वाचते, अर्थ सांगते. मला वाक्य कळतं आणि त्यातली वस्तू कळत नाही. तिचं बरोबर उलटं. आमचं बरं चालतं.

त्या दिवशी मी खोलीत गेले तेव्हा ती स्टुलावर पाय वर घेऊन बसली होती. पडद्यावर निळा रंग आणि काही चित्रं. यंत्राच्या पकडीत धनीरामांचा गुंड. त्याच्या पोटावर 'दीपमाला' असं हिरकणीने कोरलेलं, चकचकीत. त्याखाली मोकळी जागा.

"काय झालं ग?"

"यंत्राचा प्रोग्राम उघडून नाई राहिला. दाबलं का खिडकी येते आणि पळून जाते. सकाळी तर मस्त चालू होता."

"लाइट गेली म्हणून?"

"लाइट नुसतं निमित्त हाये." तिने खालचा ओठ दातात धरला. "मीच काही करून बसले, काकू."

ओसरीतून धनीरामांनी विचारलं, "होऊन राहिलं का ताई?"

"होते, दादा. बसा," तृप्तीने इतक्या सहजपणे उत्तर दिलं की मीच तिच्याकडे पाहत राहिले.

धनीराम नदीच्या रेतीत टरबूज-काकडीची वाडी करतात. त्यांची बायको शकुनबाई दोन वर्षांपूर्वी गेली. हा गुंड तिचा. त्यांच्या घरी अशी रीत आहे की नवरीच्या हळदीचं पाणी आईच्या गुंडातून घालायचं आणि मग तोच गुंड मुलीबरोबर सासरी द्यायचा. देताना आई त्यावर मुलीचं नाव घालून देते, खाली आपलं. आता आई नाही. तेव्हा दीपमाला बापाला म्हणाली, माय नाही तर मायचं अक्षर तरी पाहिजे.

शकुनबाई मोठेपणी लिहायला शिकलेली. तिच्या हातचं अक्षर घरात एकाच ठिकाणी उरलं होतं. दीपमाला शिकायला भंडाऱ्याच्या वसतिगृहात निघाली तेव्हा घराच्या दाराला लावून उरलेल्या हिरव्या रंगाने शकुनबाईने तिच्या पत्र्याच्या पेटीवर झाकणाच्या आतून लिहिलं होतं: 'दीपमाला', आणि खालच्या ओळीत 'माय शकुन'. पेटीचा तळ आता गळून गेला आहे. झाकणाचा फोटो मोबाइलमध्ये काढून धनीराम तृप्तीकडे आले होते. असलं काम हाताने होत नाही. दुसऱ्याचं अक्षर जसंच्या तसं उचलायचं तर ते फोटोतून संगणकाने उचलावं लागतं आणि यंत्राने कोरावं लागतं.

"वरची ओळ साफ होती," तृप्ती हळू आवाजात सांगू लागली, ओसरीत ऐकू जाऊ नये म्हणून. "खालच्या ओळीवर गंज चढला. जुना प्रोग्राम गंजालेच अक्षर समजे. 'माय'च्या जागी नुसता चिखल येये. म्हणून मी अक्षर उचलायचा नवीन प्रोग्राम घेतला. तो म्हणे मले नवीन पायथन पाहिजे."

"पायथन म्हणजे?"

"तो एक मोठा प्रोग्राम असते. बाकीचे त्याच्या भरवशावर चालतात. हा अक्षर उचलणारा, आणि यंत्र चालवणाराही. कोणी 'पायथन' म्हणून हाक मारली तर कोणाले पाठवायचं, हे लिनक्समध्ये एका जागी ठरवून ठेवता येते. मी तथी नव्याचं नाव लावून टाकलं. अक्षर मस्त निघालं, हे पाहा." तिने टेबलावरच्या पेनड्राइव्हकडे बोट दाखवलं. "यंत्र सकाळपासून चालूच होतं ना, त्याले काही फरक नाई पडला. लाइट गेली, संगणक बंद पडून पुन्हा उठला, आता यंत्राच्या प्रोग्रामनं 'पायथन' म्हणून हाक मारली तर समोर नवीन उभा. हे दोघं एकमेकाले ओळखतच नाईत."

"मग पुन्हा जुन्याचं नाव लाव."

"त्याच्यासाठी टर्मिनल पाहिजे, हुकूम लिहायची खिडकी. आणि टर्मिनलही उघडून नाई राहिलं. तेही त्याच्याच भरवशावर हाये."

म्हणजे दुरुस्ती ज्या दारातून करायची तेच दार बंद होतं. मी गुंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तोवर हा काढून ठेवू का बाजूला? उगाच धक्का लागेल."

"हात नका लावू!" ती जवळजवळ ओरडली. मग स्वतःच ओशाळली. "पकडीतून सुटला का गेला, काकू. गोल भांडं हाये. पुन्हा कितीही मोजून लावा, खालची ओळ वरच्या ओळीखाली बसत नाई. तिरपी जाते. आणि हा गुंड दुसरा आणता येत नाई."

तिने नागपूरला यंत्र विकणाऱ्याला फोन लावला. तो बराच वेळ उचलेना. उचलला तेव्हा त्याच्या मागे बाजाराचा कलकलाट होता.

"अरे मॅडम, इतना मत सोचो. पूरा फॉर्मॅट मारो, नया डालो, खतम."

"आणि यंत्राच्या सेटिंगा?"

"वो तो फिर से करनी पडेगी. दो दिन लगेंगे."

"भाऊ, हळद आज हाये."

"तो हळद के बाद करो," तो म्हणाला आणि आपल्याच विनोदाला हसला. तृप्तीने फोन उपडा ठेवला.

तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला. धनीरामांचे मेव्हणे, म्हणजे शकुनबाईंचे धाकटे भाऊ अंकुश, खांद्यावर दुपट्टा टाकून आत आले. नवरीचा मामा. गुंड डोक्यावरून मांडवात नेण्याचा मान त्यांचा.

"अवो भाऊजी, गुंड कोरून राहिले का नवा ओतून राहिले?"

"बस, अंकुश. होऊन राहिलं," धनीराम म्हणाले.

"बसतो कायले? तिकडे बाया जमल्या. पोरगी तयार हाये. आनंदराव मांडववाला मले विचारते, मामा गुंड घेऊन पळाला का म्हणून." ते दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी पकडीतला गुंड पाहिला. "हे काय, नाव तर आलं. दीपमाला. झकास. चला मंग."

"खालची ओळ राहिली," तृप्ती म्हणाली.

"खालची काय?"

"माय शकुन."

अंकुशनी दुपट्टा सारखा केला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, बहीण माही होती. पण लग्न पोरीचं हाये. वरचं आलं, लय झालं. द्या काढून."

मी धनीरामांकडे पाहिलं. ते उठले होते, पण दाराच्या आत आले नव्हते. दोन्ही हात मागे बांधून उभे.

"पत्रिकेत नाव छापलं ना तिचं," अंकुश म्हणाले.

"ते छापखान्याचं अक्षर," धनीराम म्हणाले. "कोणाचंही तसंच येते." आणि तृप्तीकडे वळून, "ताई, सांगा. होते का नाई होत? खरं सांगा. होत नसन तर मी नेतो. राग नाई."

हे सगळ्यात कठीण होतं. तृप्तीचा हात पकडीच्या स्क्रूवर गेलेला मी पाहिला. तिने तो फिरवला नाही, नुसता ठेवला. त्यांना आणखी बसवायचं आणि शेवटी नाही म्हणायचं, तर मांडवात खोळंबा तिच्यामुळे. आत्ता काढून द्यायचा, तर ती ओळ कधीच होणार नाही.

"दिवा लागायच्या आधी देते," ती म्हणाली. "नाई तर मीच सोडून देईन."

"पाहा बरं, शब्द दिला तुम्ही," अंकुश म्हणाले आणि ओसरीत जाऊन मोठ्याने पंखा मागू लागले. मी आतला टेबलफॅन नेऊन दिला.

तृप्तीने तीन कळा एकदम दाबल्या. निळा पडदा, चित्रं, सगळं नाहीसं झालं. काळा पडदा आणि वर एक लुकलुकणारी रेघ उरली. खिडक्या आणि चित्रं यायच्या आधीचा हा संगणक, असं तिने मला सांगितलं. इथे यायला कोणाची मदत लागत नाही. नाव विचारलं, तिने दिलं. पासवर्ड विचारला, तिने टाइप केला, पण पडद्यावर काहीच उमटेना.

"टाइप होत नाहीये का?"

"होते. दाखवत नाई."

पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदाही. तिने हात ओढणीला पुसले, डोळे मिटले आणि पुन्हा टाइप केला. या वेळी आत घेतलं.

तिने एक ओळ लिहिली आणि पडद्यावर उत्तर आलं. "वाचा, काकू."

मी चष्मा सारखा करून वाचलं. "देअर इज ओन्ली वन ऑल्टरनेटिव्ह..." पुढे लांबलचक मार्ग लिहिलेला होता. शेवटी, "नथिंग टू कन्फिगर."

"म्हणजे?"

"एकच पर्याय आहे. ठरवण्यासारखं काही नाही."

"एकच म्हणजे नवीन. म्हणजे जुना गेला." ती स्टुलावरून उठली आणि पुन्हा बसली. "नवीन आणला तेव्हाच जुना गेला असन. मीच मोडीत घातला, काकू. आता तो कुठून आणू? हे इंटरनेटही धड चालत नाई."

"पोरी, पाणी पिऊन घे," ओसरीतून धनीराम म्हणाले. त्यांनी ऐकलं होतं.

ती पाणी प्यायली नाही. तिचा हात पुन्हा पकडीच्या स्क्रूकडे गेला. मी म्हणाले, "थांब. मला ते वाक्य नीट वाचू दे. मी मधलं गाळलं."

मला लहानपणापासून वाक्य अर्धवट सोडलेलं चालत नाही. मी मार्गाच्या तिरप्या रेघांसकट सगळं वाचलं, अक्षर अक्षर. देअर इज ओन्ली वन ऑल्टरनेटिव्ह इन लिंक ग्रुप पायथन-थ्री. आणि मग नव्या पायथनचा पत्ता.

"इन काय?"

"इन लिंक ग्रुप. त्या नावाच्या गटात एकच आहे."

"गटात?" ती पडद्याजवळ गेली. "काकू, लिंक म्हणजे पाटी. दुकानावरची पाटी. गटात कोण कोण हाये, ते आपणच सांगावं लागते." ती स्वतःशीच बोलू लागली होती. "मी नव्याले गटात टाकलं. जुन्याले टाकलं का? नाई टाकलं. मले वाटलं, तो हायेच तथी. तो तर आधीपासून होता, त्याले कायले सांगायचं..."

"म्हणजे जुना आहे की नाही?"

"पाह्यते."

तिने लहानशी ओळ लिहिली. तारका शेवटी, म्हणजे त्या नावाने सुरू होणारं जे असेल ते सगळं दाखव. एंटर दाबायच्या आधी ती थांबली आणि मी तिच्या बोटाकडे पाहत राहिले. बाहेर अंकुश ऑटोवाल्याला सांगत होते की अजून थोडा थांब, चहा पाजतो.

तिने एंटर दाबलं. चार-पाच नावं एकाखाली एक आली.

"हा पाहा!" तिने पडद्यावर बोट टेकवलं, काचेवर घामाचा ठसा उमटला. "हा पाहा, बसून हाये गपचूप. कुठीच नाई गेला. नुसती पाटी निघाली होती त्याची."

मी चष्मा काढून पदराने पुसला.

यानंतर जे झालं ते मला पूर्ण कळलं असं मी म्हणणार नाही. तिने एक लांब ओळ लिहायला घेतली, जुन्यालाही त्या गटात घालण्याची. मी प्रत्येक तिरपी रेघ, प्रत्येक टिंब मोठ्याने तपासत होते. एंटर दाबल्यावर 'परमिशन डिनाइड' आलं. तृप्तीने कपाळावर हात मारला. "मालकाच्या नावानं सांगावं लागते," म्हणून पुढे एक शब्द जोडला. पुन्हा न दिसणारा पासवर्ड. या वेळी पहिल्याच खेपेला बसला.

मग तिने मघाचीच विचारणा पुन्हा केली. आता पडद्यावर तक्ता आला. दोन्ही पायथन, एकाखाली एक, आणि नव्यासमोर एक तारा. कोणता हवा त्याचा आकडा द्या, असं खाली विचारलेलं. मी वाचून दाखवलं. तिने जुन्याचा आकडा दाबला.

काहीच झालं नाही. रेघ लुकलुकत राहिली.

"उत्तर आलं नाही ग."

"काई बोलला नाई म्हणजे झालं. हा चुकलं तरच बोलते."

धनीराम आता दाराच्या आत आले होते. ते पहिल्यांदाच थोडं हसले. "आमच्या घरी उलटं होतं. ती गप्प झाली का समजायचं, आपलं चुकलं."

तृप्ती हसली नाही. तिने कळा दाबून निळा पडदा परत आणला आणि यंत्राच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली. खिडकी आली. मी वाट पाहिली, आता पळेल म्हणून. ती पळाली नाही. तिच्यात गुंडाच्या पोटाचं चित्र हळूहळू भरत गेलं.

"आला," तृप्ती म्हणाली. एवढंच.

पण काम पुढेच होतं. पेनड्राइव्हमधली दुसरी ओळ तिने पडद्यावर मांडली. 'माय शकुन'. अक्षरं खडबडीत, 'श'ची गाठ जरुरीपेक्षा मोठी. 'य'च्या खाली एक लांबट ठिपका होता.

"हा गंज राहून गेला," तृप्ती म्हणाली. "काढते."

"नको," धनीराम म्हणाले. "तो गंज नोहे. तथी रंग ओघळला होता. तिनं पदरानं पुसला तरी राहिला. पदर खराब झाला म्हणून दिवसभर कुरकुर करे."

तृप्तीने ठिपका राहू दिला.

लाइट गेल्यामुळे यंत्र आपली जागा विसरलं होतं. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला सुईने टोचलेला एक बारीक ठिपका असतो, तिथे सुई पुन्हा आणून टेकवावी लागते. त्यावरून पुढचं सगळं मोजलं जातं. तृप्तीने डोळ्याला भिंग लावलं आणि एका हाताने कळा दाबत सुई केसाकेसाने खाली आणू लागली. खोलीत कोणी हललं नाही. अंकुशसुद्धा दारात येऊन उभे राहिले. सुई ठिपक्याच्या डाव्या अंगाला गेली, परत आली. पुन्हा वर. पुन्हा खाली.

"बसली," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

गुंड सावकाश फिरला. सुईचा तो किरकिर आवाज सुरू झाला. 'म' उमटला. त्याचा काना. 'य'. खालचा ओघळ.

आणि लाइट गेली.

या वेळी संगणक बंद पडला नाही. तृप्तीने त्याची आणि यंत्राची तार मघाशीच घरच्या इन्व्हर्टरवर घेतली होती. पण घरातला कूलर आणि फ्रीजही त्याच्यावरच चालू होते. तो कुंईकुंई करू लागला.

"काकू, कूलर! फ्रीज! सगळं बंद करा!"

मी धावले म्हणजे माझ्या वयात जेवढं धावता येतं तेवढं. कूलर बंद, फ्रीजची पिन काढली, ओसरीतल्या टेबलफॅनचा खटका अंकुशनी स्वतःच खाली केला. आतल्या खोलीतला देव्हाऱ्यातला लहान बल्बही मी काढून टाकला. परत आले तेव्हा खोलीत भट्टीसारखं झालं होतं. तृप्तीच्या हनुवटीवरून घाम टपकत होता आणि तो गुंडावर पडू नये म्हणून ती मान वाकडी करून उभी होती.

'श' चालू होता. गाठ फिरायला सुई फार वेळ घेत होती. इन्व्हर्टरचा आवाज लांब लांब होत गेला. धनीराम गुंडाकडे पाहत नव्हते, सुईकडेही नाही. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मला वाटतं ते अक्षरं म्हणत होते.

'कु'. त्याचा उकार खाली आला आणि वळला.

"आणखी एक," तृप्ती कोणाला तरी म्हणाली, इन्व्हर्टरला असेल.

'न'ची उभी रेघ वरून खाली येत असताना इन्व्हर्टर गप्प झाला. पडदा काळा झाला. सुई जागच्या जागी थांबली.

तृप्तीने भिंग लावलं, सुई हाताने उचलली आणि पाहिलं. मग तिने भिंग माझ्या हातात दिलं. त्या रेघेच्या तळाशी जरासा तुकडा कोरायचा राहिला होता. तांदळाच्या कणीएवढा.

ती टेबलाखाली वाकली, बापाची जुनी छिन्नी आणि लहान हातोडी काढली. मग धनीरामांना म्हणाली, "दादा, गुंड पायात धरा. घट्ट."

आता पकडीचा स्क्रू तिने स्वतःच सैल केला. धनीराम जमिनीवर बसले, गुंड दोन्ही पायांत धरला. तिने चार-पाच ठोके मारले, अगदी हलके. 'न' पूर्ण झाला. जवळून पाहिलं तर त्या एवढ्याशा जागेत रेघेऐवजी ठिपके दिसतात.

अंकुश खाली बसले आणि त्यांनी बोट फिरवलं. "श बघा. मीच शिकवला होता तिले, पाटीवर. किती वेळा सांगितलं गाठ लहान काढ म्हणून." ते उठले तेव्हा त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि एकदम मोठ्याने म्हणाले, "चला भाऊजी, का इथीच हळद लावता?"

गुंड कपड्यात गुंडाळला. बाहेर अजून उजेड होता. धनीरामांनी पैशाचं विचारलं, तृप्ती म्हणाली उद्या लग्नानंतर पाहू. ते ऑटोत बसले, गुंड मांडीवर. कारध्याच्या पुलाकडे ऑटो वळेपर्यंत तृप्ती फाटकाशी उभी होती.

आत येऊन ती जमिनीवर बसली. मी तिला सकाळचा वरणभात वाढला. तिने तो गरम न करता खाल्ला. हळदीला जाणार का विचारलं, तर म्हणाली, "आता उठवत नाई, काकू. उद्या लग्नाले जाईन." मग जरा वेळाने, "जुन्याले गटात घालायचंच असते, हे त्या व्हिडिओवाल्यानं सांगायले पाहिजे होतं का नाई?"

"सांगायला पाहिजे होतं," मी म्हणाले.

लाइट आल्यावर तिने संगणक सुरू केला आणि माझ्यासमोर तो तक्ता पुन्हा उघडला. दोन्ही पायथन तिथे होते, तारा जुन्यासमोर. तिने ते माझ्याकडून एकदा मोठ्याने वाचून घेतलं आणि मग संगणक बंद करून घरी गेली.

दिवे लागल्यावर मी वही काढली. दुपारच्या मजकुराखाली लिहिलं: फ्रीज बराच वेळ बंद राहिल्याने दूध फाटलं.